उंची वाढवण्याचं ऑपरेशन: आधी तुझे रिपोर्ट

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

पाच सेंटिमीटर उंची वाढवायची आहे, टाइप १ मधुमेह आहे, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ८.९ टक्के आहे, व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, रोजचं आहे आणि वडिलांच्या पायात एकदा रक्ताची गुठळी झाली होती, असं तू लिहिलंस. उत्तर आधीच सांगून टाकतो: या आकड्यांवर आत्ता नको. कायमचं नको असं म्हणत नाही.

हाड कापून त्याच्या पोकळीत लांबवता येणारा रॉड बसवायला सर्जनला काही तास लागतात. लांबी मात्र तो देत नाही, तुझं शरीर देतं. सोव्हिएत सर्जन इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात सायबेरियात बसवलेलं तंत्र मुळात आजही तेच आहे. हाड कापल्यावर पाच ते सात दिवस थांबायचं. मग रोज साधारण १ मिलिमीटर, तोही पाव-पाव मिलिमीटर करून चार वेळा, दोन्ही टोकं दूर सरकवायची. मधल्या फटीत नवं हाड धरत जातं. म्हणजे ५ सेंटिमीटरला ५० दिवस, आणि ते हाड घट्ट व्हायला त्याच्या दुप्पट-तिप्पट काळ. तोवर रॉडवर किती भार द्यायचा हे एक्स-रे ठरवतो. घाई केली की रॉड वाकतो किंवा मोडतो.

आता मधुमेह. साखर चढी राहिली की जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग लवकर होतो आणि फटीतलं हाड विरळ धरतं, हे तुला डॉक्टरांनी सांगितलंच असेल. त्याहून मोठा धोका मला मज्जातंतूंचा वाटतो. हाड रोज ताणलं जातं तसे तंतूही ताणले जातात. ताण जास्त झाला की निरोगी माणसाला पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात, आग होते, अंगठा वर उचलताना जोर कमी पडतो. ही सूचना मिळाली की ताण लगेच कमी करायचा, गरज पडली तर थांबवायचा. पाय त्याच दिवशी दाखवायला हवा. मधुमेहाने पावलाची संवेदना आधीच बोथट झाली असेल तर ही सूचना तुला मिळणारच नाही, आणि कळेल तेव्हा पाऊल लोंबायला लागलेलं असेल. म्हणून १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (टेकवून स्पर्श कळतो का ते बघायचा नायलॉनचा धागा) दोन्ही तळव्यांची तपासणी करून घे, कंपनाची जाणीवही बघायला सांग. यात दोष निघाला तर माझं मत ‘नको’ असंच राहील, साखर कितीही सुधारली तरी.

एचबीए१सी साडेसातच्या आत आणायचा. काही सर्जन आठपर्यंत चालवून घेतात, पण हे ऑपरेशन हौसेचं आहे, सवलत कशाला घ्यायची? ऑपरेशनच्या दिवशी उपाशी असलास तरी बेसल इन्सुलिन (जेवणाशी संबंध नसलेला, दिवसभर लागणारा डोस) पूर्ण बंद करायचं नसतं. डोस किती, हे तुझ्या मधुमेहाच्या डॉक्टरांकडून लेखी घे. गुंगी आणणाऱ्या वेदनाशामकांनी मळमळतं, जेवण जात नाही आणि साखर अचानक खाली येते, तेव्हा पहिले काही दिवस रात्रीही साखर बघावी लागेल. इन्सुलिन पंप वापरत असशील तर आणखी एक गोष्ट. आतला रॉड लांबवणारं यंत्र मांडीवर धरतात, त्यात जोरदार चुंबक असतात. पंप आणि साखर मोजणारा सेन्सर त्या वेळी किती लांब ठेवायचे, हे आधीच विचारून ठेव.

व्हेपमध्ये धूर नसला तरी निकोटिन आहेच. ते बारीक रक्तवाहिन्या आकसवतं, आणि नव्या हाडाला तर रक्तच हवं असतं. निदान सहा आठवडे आधीपासून हाड पूर्ण जुळेपर्यंत बंद. पॅच आणि च्युइंगगमही त्यातच आले. रक्तातलं किंवा लघवीतलं कोटिनीन (निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) तपासणारा सर्जन त्रासदायक वाटला तरी तोच बरा.

गुठळीबद्दल रक्तविकारतज्ज्ञाला विचार. वडिलांना ती कोणत्या वयात झाली, कशानंतर झाली, हे घरी नीट विचारून जा. मांडीच्या हाडाची पोकळी कोरताना मज्जेतली चरबी रक्तात जाते, फुप्फुसांत अडकू शकते. दोन्ही मांड्या एकाच दिवशी केल्या तर हा भार दुप्पट. तुझ्या बाबतीत दोन पाय वेगवेगळ्या वेळी, असा आग्रह धर. एकाच पोटरीला सूज, छातीत दुखणं किंवा धाप: सरळ इमर्जन्सी, फोनवर सल्ला नाही.

मांडी की नडगी? मला मांडीच बरी वाटते. तिथे स्नायूंचं आवरण जाड, रक्तपुरवठा चांगला. नडगीत पोटरी आखडते, टाच जमिनीला टेकत नाही, आणि मग टाचेमागचा कंडरा (अकिलिस टेंडन) सैल करायला दुसरं ऑपरेशन लागू शकतं. मांडीतही गुडघा आखडतो, म्हणून ताणाचे व्यायाम दिवसातून तीन-चार वेळा, कंटाळा आला तरी. गुडघा सरळ होईनासा झाला तर लांबवणं थांबवायचं, ५ चे ४ झाले तरी चालतील.

रक्तातलं ड जीवनसत्त्व मिलिलिटरला ३० नॅनोग्रॅमच्या वर हवं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मनाने घेऊ नकोस, हाड धरायला त्या आड येऊ शकतात.

सर्जनला तीन प्रश्न लेखी विचार: ठरल्यापेक्षा जादा ऑपरेशन किती जणांना लागलं, रात्री दोनला फोन कोण उचलणार, आणि रॉड काढण्याचा खर्च आत्ताच्या आकड्यात आहे का. मानसोपचारतज्ज्ञाची भेट घ्यायला सांगितली तर चिडू नकोस. उंचीची खंत पाच सेंटिमीटरने जाणार आहे का, हे ऑपरेशनआधीच तपासलेलं बरं.

आज व्हेप बंद कर आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा कर. तोवर तारीख घेऊ नकोस आणि परत न मिळणारी आगाऊ रक्कम कुठेही भरू नकोस.