लिहिणं सोडून बाकी सगळं होतं तेव्हा

"दिवसभर कामातच असते, पण लिहिणं काही होत नाही." जळगावात समुपदेशन करताना हे वाक्य मी लिहित्या माणसांकडून पुन्हा पुन्हा ऐकत आले आहे. कधी कवी असतात, कधी बालसाहित्य लिहिणारे शिक्षक, कधी नोकरी सोडून लेखनावर जगू पाहणारे. तक्रार वेळेची वाटते, पण खालची भीती वेगळी असते: मी लेखक उरले आहे का?

भुसावळच्या एका कादंबरीकार ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणखी एकदोघांचे अनुभवही त्यात मिसळले आहेत.

पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "मॅडम, मी आळशी झाले आहे. काल एक ओळ लिहिली नाही."

"मग काल काय केलंत?"

"काही नाही हो."

"उठल्यापासून सांगा."

"पुण्याहून प्रूफं आली होती, ती तपासली. दोन प्रकरणांत एकच वर्णन आलं होतं. एक काढलं, तर पुढचे संवाद जुळेनात. मग ते नव्याने लिहिले. मलपृष्ठाचा मजकूर पाठवला. दिवाळी अंकाच्या संपादकांना कथा आखूड करून हवी होती, ती दिली. अकरा वाजता तत्काळला बसले, कोल्हापूरला व्याख्यान आहे ना. महाराष्ट्र एक्स्प्रेसला वेटिंगच मिळालं. मग संयोजकांचे फोन. संध्याकाळ झाली."

"संवाद नव्याने लिहिले, ते कोणी?"

"ती दुरुस्ती झाली मॅडम. लेखन नव्हे."

इथेच मला धागा सापडला. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली गोष्ट साधी आहे: परिस्थिती त्रास देते हे खरं, पण ती कशी असायलाच हवी याबद्दलचा आपला हट्ट त्याहून जास्त त्रास देतो. ताईंचा हट्ट होता की खऱ्या लेखकाने रोज कोरी पानं भरलीच पाहिजेत आणि बाकी सगळं वेळेची चोरी आहे. अशा हट्टाशी मी वाद घालत नाही, तो माणसाच्या स्वतःच्या तोंडून तपासून घेते. प्रश्न नेमका पडायला मात्र वाट पाहावी लागते.

ती वेळ पुढच्या एका भेटीत आली. त्या चिडून म्हणाल्या, "आपल्या बहिणाबाई बघा. अक्षरओळख नाही, शेतात राबणं, घरात जातं, तरी गाणी ओठांवर. मला स्वतंत्र खोली आहे, लॅपटॉप आहे, आणि मी तिकिटं काढत बसते."

"ती गाणी कागदावर कोणी उतरवली?"

"मुलाने, सोपानदेवांनी. त्यांच्या मावसभावानेही."

"आणि पुस्तक?"

"अत्र्यांच्या पुढाकाराने. १९५२ मध्ये. बहिणाबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या."

"म्हणजे सुचणं एकाकडे होतं. उतरवणं, जपणं, छापखान्यापर्यंत नेणं दुसऱ्यांकडे. तुमच्या घरात सोपानदेव कोण?"

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने मध्ये शब्द घातला तर समोरच्याच्या हाती आलेलं निसटतं, हे मी वर्षानुवर्षांच्या सवयीने शिकले आहे. मग डोळे भरून आले आणि त्या म्हणाल्या, "मीच. दोन्ही कामं मीच करते. मोजते फक्त एक."

हा प्रश्न मला त्या क्षणी सुचला याचं समाधान आजही आहे. त्यांना धीर देणं सोपं होतं, पण त्यांनी आपली तुलना जिच्याशी केली तिच्यातूनच उत्तर निघालं, म्हणून ते टिकलं. प्रूफ तपासताना एक वर्णन काढून त्यापायी चार संवाद बदलणं हे लेखनच आहे, आणि अनेकदा पहिल्या खर्ड्यापेक्षा कठीण. पुस्तक प्रूफांत असताना नव्या पानांचा हट्ट धरू नका, असं मी सगळ्याच लिहिणाऱ्यांना सांगते.

प्रवासाचं दुखणं मात्र निराळं होतं.

"कोल्हापूरला नाही म्हटलं असतं तर?"

"लोक विसरतील ना, मॅडम."

म्हणजे ही धावपळ भीतीपोटी होती. संपादनाला मान द्यायचा, पण भीतीपोटी दिलेल्या होकाराला नाही. आम्ही ठरवलं की पुस्तक हातात असताना महिन्याला एकच कार्यक्रम घ्यायचा. तारीख देण्याआधी प्रवासखर्च, मुक्काम, मानधन याबद्दल विचारायचं. मानधन विचारायला आपल्याकडे लेखकांना संकोच वाटतो, तो सोडायलाच हवा. जे बोलावतात त्यांनाच तिकीट काढायला सांगायचं. जिथे ते जमत नाही तिथे तत्काळवर विसंबायचं नाही, कारण आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं. आणि सकाळचा पहिला अर्धा तास फोन उघडण्याआधी लिहायचं. चार तास मोकळे मिळाले तरच लिहीन, हाही हट्टच.

एक गोष्ट वेगळी ओळखा. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक बिघडली असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते लेखनाचं अडणं नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

ताईंचे यजमान रेल्वेतच नोकरीला. तिकिटांचं काम त्यांनी घ्यावं असं मी सुचवलं, तर ताई दचकल्या: "माझं काम मीच करायला हवं ना?" मग एका संध्याकाळी धीर करून त्यांनी घरात विचारलं. यजमान म्हणाले, "मला कधी सांगितलंसच नाही." आता गाड्या, आरक्षण, संयोजकांशी वेळांचं बोलणं ते बघतात. प्रूफं ताई कुणालाही देत नाहीत.