वाचकांचे प्रश्न: गाडीच्या बाहेरच्या पट्ट्या खडखडतात, घरी काय करता येईल?

प्रश्न: नमस्कार दादा, मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. आमची हॅचबॅक 7 वर्षांची आहे, इंजिन छान आहे पण काही महिन्यांपासून बाहेरून खडखड आवाज येतो. मला वाटतं डावीकडून, यांना वाटतं मागून. ओंकारेश्वरला सासूबाईंना घेऊन गेलो तर भेरूघाट संपेपर्यंत तेच, त्या सारख्या विचारत होत्या, दार नीट लागलंय ना गं. गॅरेजमध्ये दोनदा दाखवली, सस्पेन्शन बघून म्हणाले सगळं ठीक आहे, बाहेरच्या प्लास्टिकचं असेल, चालायचंच. मागच्या दरवाजाची काळी पट्टी एका टोकाला उचललेली दिसते, ती फेविक्विकनं चिकटवू का?

उत्तर: ताई, फेविक्विक अजिबात नको. ते वाळून काचेसारखं कडक होतं, गाडीच्या थरथरीनं महिन्याभरात तडकतं, आणि वाळताना जी वाफ निघते तिचे पांढरे डाग आजूबाजूच्या काळ्या प्लास्टिकवर बसतात. शिवाय पुढे कधी पट्टी काढायची झाली तर खालचा रंग सोलून निघतो. आणि मुख्य म्हणजे आवाज त्या पट्टीचाच आहे हे अजून कुठे ठरलंय? तुम्ही दोघं दोन बाजू सांगताय यात नवल नाही, पत्र्यातून आवाज लांब जातो, मागे वाजलेलं पुढच्या सीटवर कानाशी वाजल्यासारखं वाटतं. म्हणून आधी जागा शोधायची, हेच खरं काम, दुरुस्ती तर त्यामानाने फारच सोपी असते.

आवाज कधी येतो ते दोन-तीन दिवस नीट ऐका. पेव्हर ब्लॉकच्या गल्लीत हळू चालवतानाही येत असेल तर काहीतरी सैल होऊन आपटतंय. सुपर कॉरिडॉरसारख्या गुळगुळीत रस्त्यावर 60-70 च्या पुढेच येत असेल तर वारा एखादी पट्टी किंवा खिडकीवरचा व्हायझर उचलतोय. आणि गाडी उभी असताना, एका ठराविक रेसलाच झणझणत असेल तर खालचं काहीतरी इंजिनाबरोबर थरथरतंय. खडखड चालू असताना ब्रेकवर हलकासा पाय ठेवून बघा, आवाज बंद झाला तर ते प्लास्टिक नाही, ब्रेक पॅड आहेत, मग घरी काही करत न बसता सरळ मेकॅनिककडे जा. स्पीड ब्रेकरवर जड असा धबधब आवाज येत असेल तरी तेच, सस्पेन्शनचा लिंक रॉड वगैरे परत बघायला सांगा, एकदा ठीक म्हणाले म्हणून सोडू नका.

मग गाडी सावलीत उभी करून तळहातानं थापट्या मारत पूर्ण फिरा, बंपरची टोकं, चाकावरच्या कमानी, दरवाजाच्या पट्ट्या, रूफ रेल, आरशाचं कव्हर, पुढची जाळी, मागचा वायपर. सैल भाग लगेच बोलतो. डिकी एकदा जोरात बंद करून नंबर प्लेट ऐका, माझ्या अनुभवात अर्ध्याअधिक वेळा तीच निघते. पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा, दोनच ठिकाणी धरलेला, तो वाजणारच. तरी कळलं नाही तर मास्किंग टेप आणा (सियागंजात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळेल) आणि एका वेळी एकच भाग घट्ट चिकटवून त्याच खराब रस्त्यावरून चक्कर मारा. आवाज गेला की चोर सापडला. सगळं एकदम चिकटवायचा मोह होतो पण मग आवाज गेला तरी कुणाचा होता ते कळत नाही. टेप मात्र त्याच दिवशी काढा, उन्हात राहिला तर गोंद रंगावर बसतो.

नंबर प्लेट निघाली तर ती उघडू नका, हाय सिक्युरिटी प्लेटचे लॉक एकदा तुटले की परत बसत नाहीत. मागून फटीतून फोमच्या पट्टीचे दोन-चार तुकडे सरकवायचे, प्लेट आणि बॉडीच्या मध्ये, पुढून अक्षरं झाकायची नाहीत, बस. चाकाच्या आतलं काळं लायनर हलत असेल तर बहुतेक त्याची एखादी बटन क्लिप गळलेली असते, दुसऱ्या बाजूची शाबूत क्लिप नमुना म्हणून घेऊन जा, त्याच मापाची मिळते. हे काम लांबवू नका, लायनर टायरला घासायला लागलं की फाटतं.

आता तुमची पट्टी. ती मागच्या फोमच्या डबल टेपवर आणि काही गाड्यांत शिवाय क्लिपांवर बसलेली असते. सुरुवात उन्हं जरा चढल्यावर करा, आपल्याकडे जानेवारीत सकाळी पारा 10 च्या आसपास असतो, तेव्हा प्लास्टिक कडक असतं, क्लिप तुटतात, टेपही धरत नाही. कडेच्या रंगावर मास्किंग टेप लावा. हेअर ड्रायरनं पट्टी हाताला सोसेल इतकीच गरम करा, मागे नायलॉनची दोरी किंवा डेंटल फ्लॉस घालून करवतीसारखी सरकवत जुना फोम कापा. स्क्रू ड्रायव्हर घालू नका, पत्र्याला पोचा पडला तर त्याचा खर्च पट्टीच्या कितीतरी पट येतो. जुना गोंद अंगठ्यानं रगडून काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोन्ही बाजू पुसा. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असतं, आणि रॉकेलचाही तेलकट थर राहतो, टेप त्यावर टिकत नाही.

टेप बाहेरच्या कामाचाच अॅक्रिलिक फोमवाला घ्या, थ्री एमचा व्हीएचबी मिळतो तसा, स्टेशनरीचा पांढरा फोम टेप उन्हाळ्यात सुटतो. पट्टी टेकवली की पूर्ण लांबीवर अंगठ्यानं जोर देऊन दाबत जा. साधारण 20 मिनिटांत निम्मी पकड येते, पूर्ण यायला 72 तास लागतात, तोवर गाडी धुऊ नका आणि प्रेशरच्या पाण्याखाली तर मुळीच नेऊ नका.

आणखी एक, पट्टीच्या क्लिपांची भोकं लांबट दिसली तर ती बुजवू नका, पट्टीच्या टोकाची बारीक फटही तशीच ठेवा. 30 अंशांच्या फरकानं 1 मीटर लोखंडी पत्रा जेमतेम 0.36 मिलिमीटर वाढतो, प्लास्टिकची तेवढीच पट्टी 2 ते 3 मिलिमीटर वाढते. ती जागा तिला मिळाली नाही तर पट्टी मध्येच फुगते आणि तुमच्यासारखंच एक टोक उचलतं. मे महिन्याच्या दुपारी काळं प्लास्टिक किती तापतं ते हात लावून बघाच. क्लिप जिथे वाजते तिथे फेल्टच्या टेपचा छोटा तुकडा मध्ये दिला तर पट्टी सरकू शकते आणि वाजतही नाही, मला हा उपाय सगळ्यात आवडतो.

प्रश्न: गाडी सिग्नलला उभी असली की खालून टिनाचा डबा वाजल्यासारखा आवाज येतो, रेस दिली की जातो. फोम लावला तर चालेल? (सुदामा नगर)

उत्तर: नाही, फोम, टेप, कापड काहीच लावू नका, आग लागू शकते. हा बहुतेक सायलेन्सरच्या पाइपावरचा हीट शील्ड आहे, त्याचा बोल्ट गंजून सैल होतो. गाडी रात्रभर थंड झाल्यावर बघा, आणि फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका, रॅम्पवाल्याकडे नेलेली बरी. तिथे मोठा वॉशर टाकून बोल्ट कसतात किंवा स्टीलचा होज क्लॅम्प लावतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम. शील्ड काढून फेकून देऊ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, वरच्या फ्लोअरला आणि वायरिंगला उष्णता लागू नये म्हणूनच तो असतो.

प्रश्न: काच खाली-वर करताना बाहेरचं रबर कुरकुरतं, ग्रीस लावू का?

उत्तर: साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, दरवाजाची रबरं बहुतेक ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात, ती पेट्रोलियम तेलानं फुगतात. आधी ओल्या कपड्यानं खाचेतली धूळ काढा, निम्म्या वेळा एवढ्यानंच थांबतं. नाही थांबलं तर सिलिकॉन स्प्रे कपड्यावर मारून तो कपडा रबरावर फिरवा, काचेवर उडू देऊ नका, रात्री समोरून लाइट आला की तिथे धूसर दिसतं.