व्हर्जिनियाला जाणार असशील, तर रडार डिटेक्टर कुठला?

न्यू जर्सीतल्या एडिसनला रुजू झाल्यावर वरचेवर व्हर्जिनियातल्या ताईकडे गाडीने जाणार, तर कुठला रडार डिटेक्टर (पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारचा इशारा देणारं यंत्र) घेऊ, असं तू विचारलंस. ब्रँड नंतर, आधी रस्ता बघ. न्यू जर्सी, डेलावेअर आणि मेरीलँडमध्ये खासगी गाडीत डिटेक्टर चालतो. वॉशिंग्टन डीसी आणि व्हर्जिनियात बंदी आहे. व्हर्जिनियात न्यायचाच असेल तर वायर काढून, हाताला येणार नाही असा डिकीत ठेवावा लागतो.

म्हणूनच बंपर-ग्रिलच्या आत कायमचे बसवतात ते डिटेक्टर तुझ्या कामाचे नाहीत. महाग असतात, आणि हद्द आली की काढून ठेवता येत नाहीत. बॅटरीवर चालणाऱ्यांना वायरीची कटकट नसते, पण बॅटरी वाचवण्याच्या नादात त्यांची पकड कमी पडते. तू काचेवर लावायचा, चार्जिंगच्या सॉकेटवर चालणारा घे. त्यात दोन गोष्टी बघ: बाण आणि जीपीएस. रडार पुढून येतंय की मागून, हे बाण दाखवतो. व्हॅलेंटाईन वन त्यासाठीच नावाजलेला आहे. जीपीएस हवं ते खोट्या इशाऱ्यांसाठी. दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे आणि शेजारच्या गाडीचे ब्लाइंड स्पॉट सेन्सर पोलिसांच्या रडारसारखेच के बँडवर, म्हणजे 24 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालतात, आणि डिटेक्टर उगाच ओरडत राहतो. दरवाजांच्या जागा जीपीएसवाला लक्षात ठेवून गप्प बसतो. चालत्या गाड्यांसाठी मात्र चांगलं फिल्टर लागतं. केए बँडचा (33.4 ते 36 गिगाहर्ट्झ) इशारा आला तर तो बहुधा पोलिसांचाच समज.

वेग मोजणाऱ्या पोलिसांच्या लेझरपुढे कुठलाच डिटेक्टर भरवशाचा नाही. हजार फुटांवर तो झोत जेमतेम तीन फूट रुंद असतो. तो तुझ्या गाडीवर पडला आणि इशारा वाजला, तोवर वेग मोजून झालेला असतो. लेझर जॅमर (पोलिसांच्या लेझरला वेग मोजू न देणारं यंत्र) विकणारे भेटतील, तिकडे वळू नकोस. व्हर्जिनिया, कॅलिफोर्निया, टेक्सास अशा बऱ्याच राज्यांत त्यांना बंदी आहे. रडार जॅमर तर देशभर बेकायदा.

व्हिसावर येणाऱ्या माणसाला मला हे कळकळीने सांगायचंय. व्हर्जिनियात ताशी 85 मैलांच्या वर, किंवा मर्यादेपेक्षा 20 मैल वा त्याहून जास्त वेगाने गेलास, तर तो साधा दंड राहत नाही. ‘रेकलेस ड्रायव्हिंग’चा फौजदारी गुन्हा लागू शकतो: 12 महिन्यांपर्यंत कैद, 2500 डॉलरपर्यंत दंड. पुढे मुंबईत व्हिसाच्या स्टॅम्पिंगला जाशील तेव्हा डीएस-160 या व्हिसाच्या अर्जामध्ये अटक किंवा शिक्षा झाली होती का, हा प्रश्न असतोच. त्या रस्त्यावर क्रूझ कंट्रोल लाव आणि मर्यादेतच राहा.

नायगाराला कॅनडाच्या बाजूने जाणार असशील तर डिटेक्टर घरीच ठेवून जा. ऑन्टारिओत तो बंद करून डिकीत ठेवलेला सापडला तरी जप्त होतो.