झोपेसाठी दोन पेग

प्रिय,

शुक्रवारी निरोपाच्या जेवणात तू म्हणालास, "सर, दोन पेग मारल्याशिवाय हल्ली झोपच लागत नाही." टेबलावर सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. १९९८ च्या मार्चमध्ये अगदी हेच मी बायकोला ऐकवलं होतं.

तेव्हा मला पहिल्यांदा बँकेची ब्रँच सांभाळायला मिळाली होती. तालुक्याचं गाव, थकलेली खाती, रोज वरून वसुलीचे फोन. रात्री कॅश टॅली झाली की समोरची परमिट रूम. (आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्याचं परमिट मिळतं ते 'आरोग्य राखण्यासाठी'. सरकारलाही विनोदाचं अंग असतं.) आधी नाईन्टी होती, दिवाळीपर्यंत क्वार्टर झाली.

तुला आपल्याच धंद्यातलं उदाहरण देतो. पार्टीचं जुनं कर्ज फिटत नाही, मग तिलाच नवं कर्ज द्यायचं, त्यातून जुने हप्ते वळते करायचे आणि खातं स्टँडर्ड, म्हणजे नियमित, दाखवायचं. एव्हरग्रीनिंग. दारूचा व्यवहार हाच. ती मेंदूचा वेग कमी करते म्हणून संध्याकाळी हलकं वाटतं. पण मेंदू तोल सांभाळायला उलट्या बाजूने जोर लावतो. दारू उतरते, जोर तसाच राहतो. मग पहाटे तीनला टक्क जाग, छातीत धडधड, डोळ्यांसमोर एनपीएची, थकीत कर्जांची यादी. आपण म्हणतो, टार्गेटचं टेन्शन. त्यातलं बरंचसं रात्रीच्या बाटलीचं व्याज असतं, आणि ते आपण संध्याकाळी नव्या पेगने भरतो.

हिशोब करून बघ. व्हिस्कीच्या एका पेगमध्ये, म्हणजे ३० मिलीत, साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. तेवढं निपटायला यकृताला तासभर तरी लागतो. क्वार्टर म्हणजे सहा पेग. तू घोरत असतोस तेव्हा यकृत ओव्हरटाइम करत असतं. झोप लवकर लागते हे खरं, पण उत्तररात्रीची पार विस्कटते.

त्याच वर्षी पोरीच्या फीसाठी मी स्वतःच्या खात्याचा चेक लिहिला. काउंटरवरच्या क्लार्कने तो नमुना सहीच्या कार्डाशी ताडून पाहिला, पुन्हा पाहिला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "साहेब, सही जुळत नाहीये." खरंच जुळत नव्हती. आडनावाची शेवटची रेघ पार खाली घसरली होती. मी 'पेन खराब आहे' म्हणालो. दुपारी जेवायच्या सुट्टीत घरी जाऊन थोडी घेतली, परत येऊन सही केली. झकास जुळली. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरलो.

तुझं अजून तिथवर गेलेलं नसेल. पण किती घेतोस ते मला खरं सांग, 'दोन' म्हणू नकोस. दोनचा आकडा मीही खूप वर्षं वापरला. रोज आणि बरीच होत असेल, सकाळी हात कापत असतील, तर एकदम बंद करण्याचा पराक्रम करू नकोस. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, माणूस भ्रमात जातो, जीवही जातो. आधी डॉक्टर, मग बंद. आणि झोपेची गोळी दारूवर कधीच नाही. प्रमाण कमी असेल तर दोन-तीन आठवडे कोरडे काढ. सुरुवातीच्या रात्री वाईट जातील. त्यावरून 'मला दारूच लागते' असा निष्कर्ष काढशील, मी काढला होता. थोडी कळ काढ.

बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे; फुकट, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून लोकांची दारू सोडवायचं काम करतंय. मी शेवटी डॉक्टरकडे गेलो तो बायकोने स्कूटरवर बसवून नेलं म्हणून, तेव्हा स्वतःहून जाण्याची फुशारकी मी मारणार नाही.

ऑफिसच्या त्या रविवार संध्याकाळच्या रिव्ह्यू मीटिंगचं काय करायचं ते वेगळं बोलू. तो जाच खरा आहे, तुझ्या मनाचे खेळ नाहीत, आणि त्यावर युनियनशी बोलण्यात कमीपणा नाही.

येत्या रविवारी सकाळी ये. वहिनींनाही आण. तो चेक मी अजून ठेवलाय, पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात.

तुझा,
जुना साहेब