पेटीवाल्याला गिटारचं नोटेशन वाचायचं असेल तर

भाऊ, तू भजनी मंडळात पेटी वाजवतोस, म्हणून आधीच सांगतो: इथे 'सा' सरकत नाही. आज काळी दोन, उद्या पांढरी चार, असं जमत नाही. पाच रेषांवरची जागा ठरलेल्या स्वराचीच.

गिटारची खरी गोची वेगळीच. सर्वांत वरच्या दोन रेषांमधला ई (E) हा स्वर मोकळ्या पहिल्या तारेवर मिळतो, तसाच दुसरीच्या पाचव्या आणि तिसरीच्या नवव्या फ्रेटवरही (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेले घर). म्हणून सध्या पहिल्या चार फ्रेटच्या पुढे जाऊच नको. टॅबचा, म्हणजे तारांवर फ्रेटचे आकडे लिहिलेल्या पद्धतीचा, नाद सोड; बोट कुठे ठेवायचं ते कळतं, लय बहुतेकदा कळत नाही.

फर्नांदो सोर या जुन्या स्पॅनिश गिटारवादकाच्या ओपस 60 (त्याच्या रचनांमधला 60 क्रमांकाचा संग्रह) मधले सुरुवातीचे धडे घे, बहुतेक एकेका स्वराचे आहेत. आधी नुसत्या टाळीवर मोज, मग मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 50 ठोक्यांवर. चुकलं तरी थांबायचं नाही, नजर पुढच्या बारवर (उभ्या रेषांमधल्या भागावर). धडा पाठ झाला की वाचनासाठी तो संपला, नवा काढ. सोयाबीनच्या काढणीतही दहा मिनिटं निघतात, कारणं सांगू नको! आणि मोबाइलवर डोळे फोडण्यापेक्षा तालुक्याला गेलास की झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या प्रिंट काढून आण.