पत्रकातले प्रत्येक वाक्य खरे असले तरी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा आले आणि ते दोनदा वाचून झाल्यावर हातातली कामे बाजूला ठेवून मी हे लिहायला बसले आहे. ॲरिझोनाच्या विधिमंडळाच्या निवडणुकीत तू ज्या उमेदवारासाठी उन्हातान्हात दारोदार फिरते आहेस, त्याच्या प्रचार कचेरीने तुला प्रतिस्पर्ध्याच्या धर्मावर एक पत्रक तयार करायला सांगितले आहे. तो मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतच सुरू झालेल्या एका ख्रिस्ती पंथाचा, आहे. म्हणून त्यात देवदूताने पंथाच्या संस्थापकाला दिलेले धर्मग्रंथाचे सोन्याचे पत्रे, अंगावर कायम घालायची पवित्र अंतर्वस्त्रे, चहा-कॉफी वर्ज्य, मृत पूर्वजांच्या वतीने घेतला जाणारा बाप्तिस्मा अशी सहा कलमे आणि शेवटी एकच प्रश्न आहे: अशा माणसाच्या हाती तुम्ही कायदे सोपवणार का? तू लिहितेस, “मावशी, यातले एकही वाक्य खोटे नाही, मी सगळे तपासले आहे. मग लिहिताना माझा हात का अडखळतो?”

राजकारणात चांगल्या मुलांनी टिकून राहिले पाहिजे वगैरे मी तुला सांगणार नाही. ते तुला माहीत आहे, नाहीतर तू तिथे गेलीच नसतीस. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. मत मागायला आलेला माणूस काय मानतो हे विचारू नकोस. तो कसा वागला आणि सत्ता हाती आल्यावर कसा वागणार, हे विचार.

तुझ्या आजोबांच्या दहाव्याला मी नाशिकला होते. पिंडाला कावळा शिवेना. तासभर सगळे गोदाकाठी ताटकळले आणि शेवटी तुझ्या बाबांनी हात जोडून, “आईला मी अंतर देणार नाही,” असे मोठ्याने म्हटल्यावर कावळा उतरला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेले मी पाहिले. तेच तुझे बाबा आज पुलांच्या खांबांची गणिते करतात आणि त्या पुलांवरून रोज हजारो माणसे निर्धास्तपणे जातात. उद्या कोणी पत्रक काढले की हा अभियंता मेलेल्या बापाचे मन कावळ्याकडून जाणून घेतो, तर त्या पत्रकातही एकही वाक्य खोटे असणार नाही. खोटे असेल ते फक्त त्यातून काढायला लावलेले अनुमान. पूल पडला का, हा प्रश्न त्या पत्रकाला कोणी विचारणारच नाही.

आता जरा मागचे सांगते, कारण तुमच्या कचेरीत ते कोणी वाचलेले दिसत नाही. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केले आणि आठ वर्षांतच मिसूरीच्या गव्हर्नरने आदेश काढला की मॉर्मन लोकांना शत्रू समजून त्यांचा नायनाट करावा किंवा त्यांना राज्याबाहेर हाकलावे. तो आदेश रीतसर रद्द व्हायला १९७६ साल उजाडले. १८४४ मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथ आणि त्यांचे बंधू हायरम यांना गोळ्या घातल्या, आणि उरलेले लोक ब्रिगहॅम यंग यांच्या मागोमाग १८४७ मध्ये आजच्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात येऊन पोचले. हे ऐकून तू लगेच त्यांच्या बाजूने हळवी होऊ नयेस म्हणून दुसरी बाजूही सांगते. तुरुंगात जाण्यापूर्वी जोसेफ स्मिथ नावू गावाचे महापौर होते, तिथल्या सशस्त्र दलाचे प्रमुख होते, चर्चचे प्रेषित होते, त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवारही होते, आणि त्यांच्यावर टीका करणाऱ्या वृत्तपत्राचा छापखाना महापौर या नात्याने त्यांच्याच हुकुमाने उद्ध्वस्त करण्यात आला होता. १८५७ मध्ये युटातल्या माउंटन मेडोजला मॉर्मन लोकांनी सुमारे १२० प्रवाशांची कत्तल केली. याबद्दल कठोरातला कठोर प्रश्न विचारण्याचा सर्वांना अधिकार आहे, कारण ही कृत्ये आहेत. छापखाना फोडणे ही श्रद्धा नसते. सोन्याच्या पत्र्यांवर विश्वास ठेवणाऱ्याने कोणाचा छापखाना फोडलेला नाही, तोवर ते पत्रे त्याचे त्याला लखलाभ असोत.

हा भेद मी मनाने काढलेला नाही. त्या काळी मॉर्मनांत रूढ असलेल्या बहुपत्नीत्वाच्या खटल्यात, १८७९ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो सांगितला: कायदा कृतींचे नियमन करतो; निव्वळ श्रद्धेत आणि मतांत त्याला हात घालता येत नाही, आचरणात घालता येतो. माझे वडील साताऱ्याला वकिली करत आणि १९५१ चा मुंबई उच्च न्यायालयाचा नरसू आप्पा माळी खटला त्यांना तोंडपाठ होता. मुंबई राज्याने १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहांवर बंदी घातली, तिला त्या खटल्यात आव्हान दिले गेले, आणि मुख्य न्यायाधीश छागला यांनी श्रद्धा आणि आचरण यांतला हाच भेद सांगताना मॉर्मनांविरुद्धच्या एका अमेरिकन निकालाचा आधार घेतला. म्हणजे युटाच्या वाळवंटातले भांडण आपल्या मुंबईच्या कोर्टात येऊन आपल्याच बायकांच्या उपयोगी पडले.

परंतु छागलांनी उद्धृत केलेला तो निकाल, १८९० चा डेव्हिसचा, मी पुढे ग्रंथालयात नोकरीला असताना मुळातून वाचला आणि मला धक्का बसला. आयडाहोमध्ये मतदाराला शपथ घ्यावी लागे की आपण बहुपत्नीत्वाची शिकवण देणाऱ्या कोणत्याही संघटनेचे सदस्य नाही. डेव्हिसवर दोन बायका केल्याचा आरोप नव्हता. त्या चर्चचा सदस्य असून त्याने ती शपथ घेतली, एवढाच त्याचा गुन्हा. ज्या न्यायालयाने श्रद्धेला हात लावता येत नाही असे म्हटले, त्याच न्यायालयाने केवळ सदस्यत्वासाठी मताचा हक्क काढून घेणारा कायदा उचलून धरला. तत्त्व निकालपत्रात बरोबर लिहिलेले असते आणि तरी पुढच्याच पानावर निसटते, इतके ते निसरडे आहे, म्हणून मी ते तुला इतक्यांदा सांगते आहे.

बायकांचे तर याहून विलक्षण आहे. युटात स्त्रियांना १८७० मध्येच मताधिकार मिळाला होता. बहुपत्नीत्व मोडून काढण्यासाठी १८८७ मध्ये संसदेने जो कायदा केला, त्यात युटातल्या सगळ्याच स्त्रियांचा मताधिकार रद्द केला. जिच्या कल्याणासाठी म्हणून कायदा केला तिचेच मत काढून घेतले. १८९६ मध्ये राज्य झाल्यावर तो परत मिळाला आणि त्याच वर्षी मार्था ह्यूज कॅनन या डॉक्टर बाई राज्याच्या सिनेटवर निवडून आल्या. अमेरिकेत कोणत्याही राज्याच्या सिनेटवर निवडून आलेली ही पहिली स्त्री. त्या आपल्या नवऱ्याची चौथी पत्नी होत्या, आणि त्या निवडणुकीत विरुद्ध पक्षातर्फे उभ्या राहून हरलेल्यांत त्यांचा नवराही होता. तुझ्यासारखे पत्रक त्या काळी काढायचे तर “चौथी बायको” हे दोन शब्द पुरले असते. सार्वजनिक आरोग्यासाठी त्यांनी जे काम केले ते त्यात कुठे बसले असते?

जॉर्ज रॉमनी या मॉर्मन नेत्याचे उदाहरण मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. त्यांच्या चर्चमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य नव्हते; ती बंदी १९७८ मध्ये उठली. त्या बंदीचे समर्थन मी कधी केलेले नाही आणि करणारही नाही. पण मिशिगनचे गव्हर्नर असताना, १९६३ मध्ये, हेच रॉमनी डेट्रॉइटजवळच्या श्रीमंत गोऱ्या वस्तीत घरांच्या बाबतीतल्या वर्णभेदाविरुद्धच्या मोर्चात पायी चालले. पुढच्या वर्षी चर्चचा कारभार पाहणाऱ्या बारा प्रेषितांपैकी एकाने त्यांना पत्र लिहून सबुरीचा इशारा दिला, आणि तरीही ते हटले नाहीत. धर्माच्या रकान्यावरून ज्याने त्यांना जोखले असते, तो साफ चुकला असता.

त्यांचे पुत्र मिट रॉमनी रिपब्लिकन पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागत असताना, २००७ च्या डिसेंबरात, टेक्सासमध्ये श्रद्धेवर भाषण द्यायला उभे राहिले, तेव्हा मी दूरचित्रवाणीसमोर कागद-पेन घेऊन बसले होते. जॉन केनेडींनी, राष्ट्राध्यक्षपदाचे कॅथलिक उमेदवार असताना, १९६० मध्ये ह्यूस्टनला पाद्र्यांसमोर सांगितले होते की सार्वजनिक प्रश्नांवर मी माझ्या चर्चच्या वतीने बोलत नाही आणि चर्च माझ्या वतीने बोलत नाही. रॉमनींनीही सांगितले की आपल्या निर्णयांवर चर्चच्या अधिकाऱ्यांचा प्रभाव पडू देणार नाही. इथे ते थांबायला हवे होते. पण येशूबद्दल आपण काय मानतो हे त्यांनी सांगून टाकले, म्हणजे जी परीक्षा घेणेच चूक आहे असे ते म्हणत होते, तिचा अर्धा पेपर त्यांनी स्वतःच सोडवला. वर स्वातंत्र्याला धर्माची गरज असते असेही म्हणाले. मी देव न मानणाऱ्या घरात वाढलेली बाई. माझ्या स्वातंत्र्याचे काय, असे मी त्या कागदावर लिहिले होते आणि तो कागद अजून माझ्याकडे आहे. इतके करूनही उपयोग झाला नाही. गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत १९६७ मध्ये १७ टक्के लोकांनी मॉर्मन उमेदवाराला मत देणार नाही असे सांगितले होते. २०१२ मध्ये तसे सांगणारे १८ टक्के होते. आणि त्याच वर्षांत सिनेटमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे नेतृत्व करणारे हॅरी रीड त्याच चर्चचे सदस्य होते! एकाच देवळात जाणारी दोन माणसे जवळजवळ प्रत्येक राजकीय प्रश्नावर एकमेकांविरुद्ध उभी राहत असतील, तर देवळाच्या नावावरून तू त्यांच्याबद्दल काय ओळखणार आहेस?

आता जे लिहायचे टाळत होते ते लिहिते. १९८३ मध्ये एका सार्वजनिक ग्रंथालयात नोकरीसाठी माझी मुलाखत झाली, तेव्हा समितीतल्या एका गृहस्थाने मला विचारले की तुम्ही लोक नेमके किती देव मानता. मी कसेबसे उत्तर दिले, घरी आले आणि स्वयंपाकघरात एकटीच रडले. तो प्रश्न कसा बोचतो हे मला ठाऊक होते. तरीही अकरा वर्षांनी मी तोच प्रश्न दुसऱ्याला विचारला. आमचे शेजारी शाळामंडळाच्या निवडणुकीला उभे होते. ते जीवशास्त्राचे शिक्षक होते. माझा मुलगा डार्विनचा सिद्धांत त्यांच्याच वर्गात शिकला आणि त्यांनीच लावलेल्या गोडीमुळे पुढे संशोधनाकडे वळला. माझ्या यजमानांची हृदयशस्त्रक्रिया झाली तेव्हा पाच आठवडे रोज पहाटे आमच्या दारातला बर्फ कोणीतरी न सांगता काढून जात होते, ते हेच. भरलेल्या सभागृहात मी उभी राहिले आणि विचारले, “देवदूताने सोन्याचे पत्रे आणून दिले असे मानणारा माणूस आमच्या मुलांना विज्ञान काय शिकवणार?” टाळ्या पडल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, “तुम्हाला माहीत आहे.”

मला माहीत होते. सभागृहात ते सर्वांत जास्त मलाच माहीत होते. माझ्या प्रश्नामुळे ते हरले असे मी म्हणत नाही. पण कितीतरी वर्षे मी यजमानांशी वाद घालत राहिले की सार्वजनिक जागेत सार्वजनिक प्रश्न विचारला तर चूक काय. शेजारी २०११ मध्ये वारले आणि तोवर मी त्यांची क्षमा मागितलेली नव्हती.

मंडळातल्या मैत्रिणी म्हणतात की इतकी वर्षे युटात राहून तू त्यांच्या चर्चची वकील झालीस. मला याचा राग येतो आणि तुलाही कोणीतरी हे ऐकवेल, म्हणून सांगते. माझ्या मुलांना गल्लीतल्या खेळात घेत नसत, कारण सगळे खेळ चर्चच्या वॉर्डाचे, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या मंडळींचे, असत. दुसऱ्या धर्माच्या बहुसंख्याकांत राहणे म्हणजे काय ते मी पुस्तकातून शिकलेले नाही. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाह बंद करणाऱ्या प्रस्तावासाठी चर्चने आपल्या सदस्यांना वेळ आणि पैसा देण्याचे आवाहन केले, तेव्हा सॉल्ट लेक सिटीत चर्चचे मुख्य मंदिर असलेल्या टेंपल स्क्वेअरबाहेरच्या निदर्शनांत मी थंडीत उभी होते. माझ्या फलकावर मी त्या आवाहनाविरुद्ध लिहिले होते. शेजारच्या मुलाच्या फलकावर अंतर्वस्त्रांचा विनोद होता. तो खाली ठेव म्हणून मी त्याला सांगितले, त्याने ऐकले नाही, आणि मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. जी संस्था मतदानाच्या मैदानात उतरते तिला मैदानातले प्रश्न सोसलेच पाहिजेत. सात वर्षांनी त्याच चर्चने, घर आणि नोकरी यांत समलिंगी लोकांना संरक्षण देणाऱ्या युटाच्या कायद्याला पाठिंबा दिला, तेव्हा मी त्याचेही स्वागत केले. यात वकिली कुठे आली?

तू म्हणशील, श्रद्धेतूनच वागणूक येते, मग मुळाशी का जाऊ नये? कारण मुळापासून फांदीपर्यंतचा रस्ता तुला दिसत नाही. त्याच श्रद्धेतून कोणी मोर्चात चालतो, कोणी त्याला सबुरीचे पत्र लिहितो. तुला फक्त फांदी दिसते. तिला काय लागले आहे ते पाहा आणि लोकांना दाखव.

तो प्रतिस्पर्धी आधी नगर परिषदेत होता असे तू लिहिले आहेस. म्हणजे त्याचे मतदान कुठेतरी नोंदलेले आहे. भूजल उपशाच्या परवानग्यांवर त्याने हात कुठे वर केला, शाळांच्या निधीवर कुठे, चर्चच्या मालकीच्या जमिनीचा विषय आला असेल तर तो बाजूला झाला की नाही, हे शोधायला तुला दोन दिवस लागतील. त्याचे पत्रक कर, आणि हवे तितके कठोर कर. कचेरीने ते घेतले नाही, तर सहा कलमांच्या कागदावर तुझा हात लागू देऊ नकोस, मग तिथले काम सुटले तरी चालेल. नोंदी वाचताना काही अडले तर रात्री फोन कर, मी उशिरापर्यंत जागी असते.

तुझी,
मावशी