चुकलं की चाकू!

प्रश्न : युरोपातल्या मठांमधल्या जुन्या बायबलच्या हस्तलिखितांचे फोटो बघत होते, काय ती नक्षी आणि काय ती चमक! ते सोनं खरंच असतं का? आणि एवढं करून लिहिताना चूक झाली तर काय करायचे बिचारे, पान फेकून द्यायचे?

उत्तर : फेकायचं कसलं! पान म्हणजे वासराचं नाहीतर मेंढीचं कातडं, चुन्याच्या पाण्यात भिजवून, केस काढून, चौकटीवर ताणून तासलेलं, ते कोण फेकेल. लेखनिकाच्या एका हातात पिसाची लेखणी आणि दुसऱ्या हातात छोटा चाकू असायचाच, त्यानेच लेखणीला टोक काढायचं, कातडं दाबून धरायचं आणि चुकलं की शाई वाळल्यावर अक्षर खरवडून टाकायचं. शाई पण चिवट हां, ओकच्या झाडावरच्या गाठी, हिराकस (लोखंडाचा एक क्षार) आणि डिंक यांची, कातड्यात घट्ट बसणारी, त्यामुळे खरवडलेली जागा नीट बघितली की कळतेच.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे नजर घसरणं. एकच शब्द दोन ओळींत आला की डोळे पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर, मधलं सगळं गायब, मग ते समासात लिहून खूण करायची. (आपणही कॉपी करताना हेच करतो, फक्त आपल्याकडे अनडू आहे.)

उलटंही व्हायचं. आयर्लंडचं प्रसिद्ध ‘बुक ऑफ केल्स’ हे बायबलचं हस्तलिखित, साधारण इ.स. 800 चं, सध्या डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये, त्यात एक अख्खं पान दोनदा उतरवलंय! ते खरवडायच्या भानगडीत कोणी पडलं नाही, लाल फुल्या मारून खूण केली आणि गेले पुढे.

आता सोनं. नंतरच्या मध्ययुगीन पोथ्यांमध्ये बऱ्याचदा खरंच सोन्याचा वर्ख असतो. आधी प्लास्टरसारखा जाड लेप द्यायचा, त्यावर तोंडाची वाफ सोडून तो किंचित ओलसर करायचा, वर्ख चिकटवायचा आणि कुत्र्याच्या दाताने घासून घासून चमकवायचा, हो, खरोखरच्या कुत्र्याच्या दाताने. रंग त्यानंतर, कारण आधी रंगवलं तर वर्ख नको तिथे चिकटतो आणि घासताना रंगाची वाट लागते.

गंमत म्हणजे केल्समध्ये सोनं अजिबात नाही. तो सोनेरी वाटणारा पिवळा रंग म्हणजे हरताळ, संपवाला नव्हे, आर्सेनिकचं पिवळं खनिज! आणि आपल्याकडचे पोथ्या लिहिणारे हाच हरताळ चुकलेल्या अक्षरावर फासायचे, पिवळट कागदावर तो बेमालूम मिसळायचा आणि त्यावर परत लिहिता यायचं. ‘हरताळ फासणे’ तिथूनच आलं. म्हणजे एकीकडे नटवायला, एकीकडे पुसायला.

केल्सची सगळी पानं ट्रिनिटीने ऑनलाइन फुकट ठेवलीत. 218 नंबरच्या पानाची मागची बाजू काढा आणि झूम करा, त्या लाल फुल्या दिसतील.